एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून

एक मिलिमीटर जाडीचा दीड मीटर दोरा घ्या. तो मधोमध दुमडला की दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण मीटर येतो. या दोन बाजूंच्या मधे आणखी दोन आखूड दोरे सरळ ताणून ठेवा आणि त्यांच्याभोवती एकाखाली एक गाठी मारत चला. सवयीच्या हाताला तासाभरात एक सुबक, चपटी पट्टी मिळते. ती मोजली तर जेमतेम तेरा सेंटिमीटर भरते. मग बाकीचा दोरा गेला कुठे?

तो गाठींमध्येच आहे. मॅक्रमे म्हणजे दोऱ्याच्या गाठींची ही कला. तिच्यातली एक अर्धी गाठ मारताना प्रत्येक बाजूचा दोरा मधल्या दोऱ्यांवरून किंवा त्यांच्याखालून पलीकडे जातो आणि समोरून येणाऱ्या दोऱ्याला अडकून बाहेर पडतो. एवढ्या प्रवासात त्याचे सहा-सात मिलिमीटर खर्च होतात आणि पट्टी मात्र सव्वा मिलिमीटरने वाढते. तेरा सेंटिमीटरच्या पट्टीत अशा शंभरेक अर्ध्या गाठी असतात. ‘प्रत्येक बाजूला पट्टीच्या पाचपट दोरा घ्या, वर टोकांसाठी थोडा सोडा,’ असं ही कला येणारे सांगतात, त्यामागचा हिशेब हा. अशा पट्टीचं, शिक्षकांसाठी हाताने केलेलं ब्रेसलेट मला मोलाचं वाटतं ते यामुळेच. दिसतं त्याच्या पाचपट काहीतरी त्यात असतं, आणि ते कोणीतरी एकेक गाठ करून आत ठेवलेलं असतं.

मॅक्रमे आपल्या घरांना नवं नाही. दारावरची तोरणं, कुंड्या टांगायच्या जाळ्या, बाल्कनीतले झुले, सगळं याच पद्धतीने होतं. त्याच्याही आधीपासून आपल्या स्वयंपाकघरांत दुधा-दह्याची मडकी मांजरापासून वाचवायला शिंकं टांगलेलं असायचं. शिंकं म्हणजे दोऱ्या गाठून केलेली झोळीच की! या कलेत गाठी मारायला सुई लागत नाही, माग लागत नाही, विणायच्या सळया लागत नाहीत. दोन हात आणि दोरा एवढ्यावर काम भागतं. शाळेतल्या मुलांना ती इतकी सहज जमते, याचं एक कारण हेच आहे.

मुहूर्तही सोयीचा आहे. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन राष्ट्रपती झाले त्या १९६२ सालापासून त्यांचा जन्मदिवस, ५ सप्टेंबर, आपण शिक्षक दिन म्हणून पाळतो. त्याच्या आधीचा महिना बाजारात धाग्यांचाच असतो. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी फ्रेंडशिप बँड, नंतर राख्या. पुण्यातल्या रविवार पेठेत किंवा मुंबईच्या भुलेश्वरला या दिवसांत गेलात तर रंगीत दोऱ्यांची रिळं, मणी आणि गोंडे यांनी दुकानं भरलेली दिसतील. शिवाय आपल्याकडे मनगटाला धाग्याची सवय आहे. पूजेत बांधलेली नाडाछडी कित्येक जण दिवसेंदिवस काढत नाहीत. बाईंच्या हातात बांगड्यांशेजारी किंवा सरांच्या हातात घड्याळाशेजारी गाठींची एक बारीक पट्टी आली तर ती मुळीच परकी दिसत नाही.

पण आधी दोऱ्याकडे नीट बघू या. कापसाचा एक तंतू साधारण अडीच-तीन सेंटिमीटर लांब असतो. मग दीड मीटरचा सलग दोरा त्यातून होतो कसा? तंतू एकमेकांना चिकटवलेले नसतात, बांधलेलेही नसतात. त्यांना फक्त पीळ दिलेला असतो. दोरा ओढला की पीळ आवळतो, तंतू एकमेकांवर दाबले जातात आणि त्यांच्यातलं घर्षण वाढतं. जितकं जास्त ओढावं तितकी पकड घट्ट. नुसत्या एका पिळाचा दोरा मात्र सोडला की गरगरत उलगडतो. म्हणून असे दोन-तीन पदर घेऊन त्यांना एकत्र उलट्या दिशेने पीळ देतात. आता प्रत्येक पदर स्वतःचा पीळ सोडवायला एका बाजूला वळू बघतो आणि अख्खा दोरा दुसऱ्या बाजूला. दोन्ही ओढी एकमेकींना अडवतात आणि दोरा शांत राहतो. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, असं आपण म्हणतो. सुंभाचं सगळं बळ त्या पिळातच असतं.

ही युक्ती माणसाने कधी शोधली? फ्रान्समध्ये आब्री द्यु मारा नावाचा एक खडकाचा निवारा आहे. तिथल्या एका दगडी हत्याराला चिकटलेला दोरीचा तुकडा संशोधकांनी २०२० मध्ये जगासमोर आणला. लांबी जेमतेम सहा मिलिमीटर. झाडाच्या सालीच्या तंतूंचे तीन पदर, प्रत्येक पदराला एका दिशेचा पीळ आणि तिन्ही मिळून उलट्या दिशेचा. वय ४१ ते ५२ हजार वर्षांच्या दरम्यान, आणि करणारे होते निअँडरथल. आज दुकानात मिळणाऱ्या तीन पदरी दोऱ्याचं तत्त्व तेच आहे! आपल्या उपखंडातली गोष्ट तर आणखी जवळची. बलुचिस्तानातल्या मेहरगढला इसवी सनापूर्वीच्या सहाव्या सहस्रकातल्या एका दफनात तांब्याचे मणी सापडले. त्यातल्या एका मण्याच्या भोकात दोऱ्याचे अवशेष टिकून राहिले होते, तांब्याच्या क्षारांमुळे. सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर तो कापूस निघाला. म्हणजे मणी ओवलेला सुती दोरा अंगावर घालण्याची या भूमीतली रीत किमान सात हजार वर्षांची आहे. मण्यांचं ब्रेसलेट करणारी सातवीतली मुलगी जे करते, ते इतकं जुनं काम आहे.

आता गाठ. परीक्षेचा पॅड घ्या. त्याचा चाप या कामाला अगदी योग्य असतो. दोऱ्यांची वरची टोकं चापात अडकवा. मधे दोन स्थिर दोरे, डावीकडे एक, उजवीकडे एक. डावा दोरा निळा आणि उजवा पिवळा समजा, म्हणजे पुढची गंमत दिसेल. निळा दोरा मधल्या दोऱ्यांवरून उजवीकडे न्या आणि पिवळ्याच्या खाली ठेवा. पिवळा मधल्या दोऱ्यांच्या मागून डावीकडे आणा आणि निळ्याने केलेल्या फाशातून वर काढा. दोन्ही टोकं ओढा. ही झाली अर्धी गाठ, म्हणजे हाफ नॉट. आता निळा उजवीकडे आला आहे. यावेळी उजवीकडून सुरुवात करा. निळा पुन्हा मधल्या दोऱ्यांवरून, पिवळा मागून आणि फाशातून वर. ओढलंत की पूर्ण गाठ झाली. मॅक्रमे करणारे हिला स्क्वेअर नॉट म्हणतात.

नीट पाहिलंत तर निळा दोरा दोन्ही वेळा पुढूनच गेला आणि पिवळा दोन्ही वेळा मागूनच. अशीच पन्नास गाठींची पट्टी केली तर तिच्या पुढच्या अंगाला मधे निळ्या आडव्या पट्ट्या येतात आणि पिवळा फक्त कडेच्या उंचवट्यांत डोकावतो. पट्टी उलटून पाहा. मागे बरोबर उलट, मधे पिवळा आणि कडेला निळा. एकाच कामात दोन रंगांची दोन अंगं तयार झाली आणि त्यासाठी वेगळं काहीही करावं लागलं नाही. शिकवताना ही खूण फार उपयोगी पडते. ‘मघाशी डावीकडून केलं की उजवीकडून?’ हे मुलं हमखास विसरतात. दोन रंग असले की आठवायची गरजच उरत नाही. ज्या रंगाने सुरुवात केली तोच रंग कायम पुढून जायचा.

आणि बाजू बदललीच नाही तर? प्रत्येक वेळी डावीकडूनच सुरुवात केली तर काय होईल? चार-पाच गाठींतच पट्टी मान वळवू लागते. आणखी काही गाठींनंतर ती अर्धी फिरलेली असते आणि थोड्या वेळाने चपट्या पट्टीच्या जागी जिन्यासारखा गोल फिरत जाणारा मळसूत्री दोर तयार होतो. त्यात निळा आणि पिवळा आलटून पालटून पुढे येतात, त्यामुळे दोन्ही रंग तिरके फिरत खाली उतरतात. दोऱ्याला कुणी पीळ दिलेला नाही, हाताने काहीच फिरवलेलं नाही, तरी तो फिरला. कारण अर्धी गाठ मुळातच एका बाजूला किंचित झुकलेली असते. डावी अर्धी गाठ आणि उजवी अर्धी गाठ या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा आहेत. एकीनंतर दुसरी मारली की झुकाव फिटतो आणि पट्टी सपाट राहते. एकच मारत राहिलं की थेंबभर झुकाव साठत जातो आणि सगळा दोर वळतो. हे मी मुलांना दाखवते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते भूमितीच्या तासाला क्वचित दिसतं. खरं तर हा भूमितीचाच तास असतो.

या डाव्या-उजव्याचा प्रश्न फक्त देखणेपणाचा नाही, ताकदीचाही आहे. नुसत्या दोन टोकांच्या अर्ध्या गाठी एकीवर एक मारल्या आणि दिशा बदलली, तर जी गाठ होते तिला खलाशी रीफ नॉट म्हणतात. दिशा न बदलता मारली तर ग्रॅनी नॉट होते. दोन्हींत दोरा तितकाच, वळसे तितकेच, दिसायलाही जवळपास सारख्याच. पण ओढल्यावर ग्रॅनी निसटते आणि रीफ टिकते, हे दर्यावर्दी शेकडो वर्षं जाणून होते. का, याचं समाधानकारक उत्तर मिळायला मात्र २०२० साल उजाडावं लागलं. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये विशाल पाटील, योर्न डंकेल, मथियास कोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताण पडला की रंग बदलणारे तंतू वापरून गाठी बांधल्या. गाठ आवळताना कुठे किती ताण येतो, ते रंगांतून दिसू लागलं. त्याला गणिताची जोड देऊन त्यांनी जे मांडलं ते ‘सायन्स’ या नियतकालिकात आलं. दोऱ्याचा एक भाग एका छेदावर डावीकडे फिरू बघतो आणि शेजारच्या छेदावर उजवीकडे, तेव्हा त्या दोन ओढी एकमेकींना अडवतात आणि गाठ टिकते. दोन्हीकडे एकाच दिशेने फिरू बघतो, तेव्हा त्याला अडवायला कोणी नसतं. तो लोळत, घरंगळत सुटतो.

दोऱ्याच्या पिळातली गोष्ट आठवा. तिथे पदर एका दिशेला, दोरा उलट दिशेला. इथे पहिली अर्धी गाठ एका दिशेने, दुसरी उलट. निअँडरथलांच्या दोरीपासून एमआयटीच्या रंगीत तंतूंपर्यंत तत्त्व एकच आहे. तुमच्या बुटाच्या नाडीतही तेच आहे. नाडी सारखी सुटत असेल तर बहुतेक वेळा तुम्ही ग्रॅनी बांधत असता. पहिल्या गाठीची दिशा तेवढी बदलून पाहा, नाडी टिकेल.

गणित करणारे या सगळ्याकडे आणखी वेगळ्या नजरेने बघतात आणि त्यांचं म्हणणं ऐकून थक्क व्हायला होतं. त्यांच्या हिशेबात तुमच्या ब्रेसलेटमध्ये एकही गाठ नाही. दोऱ्याची टोकं मोकळी असतील, तर कितीही गुंतागुंतीची गाठ टोक उलट वाटेने मागे नेत नेत सोडवता येते. म्हणून गणितात गाठ तेव्हाच मोजतात, जेव्हा दोन्ही टोकं जोडून बंद वळं केलेलं असतं. या शास्त्राला चालना मिळाली तीही एका सुंदर चुकीच्या कल्पनेमुळे. १८६७ मध्ये लॉर्ड केल्व्हिन यांनी मांडलं की अणू म्हणजे विश्वात भरलेल्या ईथरमधल्या भोवऱ्यांच्या गाठी असाव्यात आणि वेगळी मूलद्रव्यं म्हणजे वेगळ्या गाठी. त्यावरून पीटर टेट यांनी गाठींची यादी करायला घेतली. अणू तसे निघाले नाहीत, ईथरही निघाला नाही. पण गाठींचं गणित उभं राहिलं आणि आज ते पेशींमध्ये डीएनएचा गुंता कसा सुटतो हे समजून घ्यायलाही कामी येतं. आपल्या ब्रेसलेटपुरतं सांगायचं तर गणित म्हणतं की सगळं सुटू शकतं, आणि घर्षण म्हणतं की सुटणार नाही. आपण घर्षणाच्या भरवशावर आहोत.

हे घर्षण किती बलवान असतं ते पाहायचं तर भाऊच्या धक्क्यावर जावं. प्रवाशांनी भरलेली लाँच धक्क्याला लागते, खलाशी जाड दोर लोखंडी खुंटाला दोन-तीन वेढे देतो आणि एका हाताने धरून ठेवतो. अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने याचं सूत्र मांडलं. वेढे वाढले की पकड बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. दोर आणि खुंट यांच्यातला घर्षणांक ०.३ धरला तर एका वेढ्याने तुमचं बळ साधारण साडेसहा पट होतं, दोन वेढ्यांनी ४३ पट आणि तीन वेढ्यांनी २८५ पट! तिरक्या रेघांचं फ्रेंडशिप बँड करताना हाफ हिच नावाचा वेढा वापरतात, आणि तो प्रत्येक ठिकाणी दोनदा घालायचा असतो. मुलं विचारतात की एकदाच का नाही. उत्तर त्या गुणाकारात आहे. एक वेढा सरकतो, दुसरा पडला की दोन्ही जागेवर बसतात.

या हाफ हिचची पट्टी स्क्वेअर नॉटपेक्षा वेळखाऊ असते, पण तिच्यातली शक्यता अफाट आहे. इथे एक दोरा ताणून धरतात आणि दुसरा त्याच्याभोवती वेढतात. वेढणारा दिसतो, ताणलेला पूर्ण झाकला जातो. म्हणजे प्रत्येक गाठीला तुम्ही ठरवता की इथे कोणता रंग दिसेल आणि कोणता आत लपेल. मोबाइलच्या पडद्यावरचे ठिपके रंग बदलून चित्र उभं करतात, तशी इथे गाठ-गाठ करून अक्षरं उमटतात. आठ दोऱ्यांची पट्टी घेतली तर एका आडव्या ओळीत सात गाठी येतात, प्रत्येकीत दोन वेढे. साठ ओळी केल्या तर ४२० गाठी, ८४० वेढे. बाईंच्या नावाचं आद्याक्षर त्यात घालायचं असेल तर आधी चौकटीच्या वहीत ते काढून घ्यावं. गणिताची वही असतेच हाताशी.

दोन रंगांच्या अशा घट्ट गाठकामाला जगभर कॅव्हन्डोली मॅक्रमे म्हणतात आणि ते नाव एका शिक्षिकेचं आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इटलीतल्या तुरीन शहरात व्हॅलेंतिना कॅव्हन्डोली लहान मुलांची एक संस्था चालवत होत्या. मुलांच्या हातांना काम आणि मनाला एकाग्रता मिळावी म्हणून त्यांनी हे गाठकाम त्यांना शिकवलं. जगभरच्या मॅक्रमेच्या पुस्तकांत आज त्यांचं नाव आहे ते मुलांना दिलेल्या त्या कामामुळे. शिक्षकांसाठी भेट करायला याहून समर्पक तंत्र मला तरी माहीत नाही.

निवृत्त होणाऱ्या शिक्षकांसाठी तर मी आणखी एक गोष्ट सुचवेन. दक्षिण अमेरिकेतल्या इंका लोकांनी आपल्या विस्तीर्ण राज्याचे हिशेब दोऱ्यांवरच्या गाठींत ठेवले होते. त्या दोऱ्यांना किपू म्हणतात. लेलँड लॉक या अभ्यासकाने १९१२ मध्ये दाखवून दिलं की या गाठी आपल्यासारख्याच दशमान पद्धतीने वाचायच्या असतात. मुख्य दोरीच्या जवळ मोठी स्थानं, खाली उतरत एककापर्यंत. दशक, शतक या स्थानांवर जेवढा अंक तेवढ्या साध्या गाठी. एककाच्या जागी मात्र एकच लांबट गाठ, जिच्यात अंकाइतके वेढे. एकक एक असेल तर इंग्रजी आठासारखी गाठ. आणि शून्य असेल तर तिथे काहीच नाही, फक्त मोकळी जागा! एखाद्या सरांनी ३२ वर्षं शिकवलं असेल तर ब्रेसलेटच्या लोंबत्या टोकावर वर तीन साध्या गाठी मारा, थोडी जागा सोडा आणि खाली दोन वेढ्यांची एक लांब गाठ. त्यांना ते वाचायला शिकवा. आयुष्यभर शिकवलेल्या माणसाला विद्यार्थ्याने काही शिकवावं, यासारखा आनंद त्यांना दुसरा नसतो.

ब्रेसलेट बंद कसं करायचं, हा पुढचा प्रश्न. बाईंच्या मनगटाचं माप कोण घेणार? सुदैवाने ते घ्यावंच लागत नाही. दोन्ही बाजूंचे मधले दोरे एकमेकांसमोरून विरुद्ध दिशांनी आणून एकमेकांवर ठेवा आणि त्या चार दोऱ्यांभोवती वेगळ्या छोट्या दोऱ्याने पाच-सहा स्क्वेअर नॉट मारा. झाली सरकती गाठ. टोकं ओढली की ब्रेसलेट आवळतं, पट्टी दोन्हीकडून ओढली की सैल होतं. रोजच्या हालचालीत मनगटाचा जो हलका ओढा बसतो, त्याला गाठींचं घर्षण पुरून उरतं. दोन बोटांनी मुद्दाम ओढलं की ते हार मानतं. वेढणारी गाठ ही निरगाठच असते, आतल्या दोऱ्यांना मात्र ती सरकू देते. सुरगाठीची सोय निरगाठीकडूनच मिळते, हे मला दर वेळी नव्याने आवडतं.

दोरा निवडताना थोडं डोळसपणे निवडा. शिक्षकांचे हात दिवसभर कामात असतात. खडू, पाणी, मार्करची शाई, डबा, पुन्हा पाणी. कापूस ओला झाला की आणखी मजबूत होतो, त्यामुळे मेण लावलेला सुती दोरा उत्तम. रेशीम म्हणून जो चकचकीत स्वस्त दोरा विकतात तो पुष्कळदा व्हिस्कोस असतो आणि तो ओला झाला की कमजोर होतो. दिसायला सुंदर, पण या कामाला नको. भरतकामाची सहा पदरी लडी आठ मीटरची असते, तिरक्या रेघांच्या पट्टीला तीच छान. गडद लाल किंवा निळा दोरा असेल तर आधी थोडा तुकडा पाण्यात भिजवून पांढऱ्या कपड्यावर दाबून पाहा. रंग सुटत असेल तर तो दोरा बाजूला ठेवा, बाईंच्या साडीवर डाग पडायला नको.

नायलॉन किंवा पॉलिस्टरची टोकं ज्योतीजवळ नेली की वितळून बसतात, कारण हे तंतू अनुक्रमे २२० आणि २६० अंशांच्या आसपास वितळतात. कापूस वितळत नाही, तो जळतो. म्हणून सुती टोकांना ज्योत दाखवायची नाही. ती सुईने मागच्या गाठींत ओवून घ्यायची किंवा फॅब्रिक ग्लूचा थेंब लावायचा. कुठला दोरा आहे ते कळत नसेल तर तुकड्यावर तपासा. वितळून गोळा झाला तर नायलॉन किंवा पॉलिस्टर, राख झाली तर सुती किंवा व्हिस्कोस. हे काम मोठ्या माणसाने करायचं, मुलांनी नाही.

सरांसाठी पट्टी करायची तर एकाच गडद रंगात, मण्यांशिवाय करा. ब्रेसलेट न घालणारे कोणी असतील तर तीच पट्टी किल्लीच्या कडीला लावता येते किंवा जरा लांब करून पुस्तकात खूण म्हणून ठेवता येते. एका वर्गातल्या मुलांनी मिळून एकच पट्टी करावी, प्रत्येकाने दोन-तीन गाठी मारून पॅड पुढे सरकवावा, हा प्रकार मला सगळ्यात जास्त आवडतो. त्यात कुणाची गाठ सैल, कुणाची फार आवळलेली असते. वर्ग घेणाऱ्या बाईंना त्या पट्टीत कोण कुठे बसलं आहे ते न सांगता कळेल, अशी माझी खात्री आहे. आणि दोऱ्याला जेमतेम काही रुपये लागत असल्यामुळे महाग भेटवस्तू घेताना शिक्षकांना जो संकोच वाटतो, तोही इथे येत नाही.

शिक्षक दिनासाठी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात सुरुवात केलीत तर घाई होणार नाही. तेव्हा जमलं नाही तर ३ जानेवारी धरा. त्या दिवशी सावित्रीबाई फुले यांची जयंती असते. १८४८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुलींच्या शाळेत त्यांनी शिकवलं, आणि महाराष्ट्रात बाईंना काही द्यायला तो दिवस ५ सप्टेंबरइतकाच योग्य आहे.